१५ फूट आणि ४५ फूट

सांगलीत पावसाळ्यात "पाणी किती?" असे कोणी विचारले, तर उत्तर फुटांत द्यायचे असते आणि ते फूट आयर्विन पुलाजवळच्या पातळीचे असतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली. गणपती पेठेत भुसार मालाचे दुकान आणि गावभागात घर असलेल्या माणसाला हे आकडे तोंडपाठ असतात, तसे ते मलाही होते. माझी तक्रार अशी होती की, २०२१ चा दुसरा पूर ओसरल्यानंतर माझ्या शरीराला या आकड्यांमधला फरक कळेनासा झाला. नदी १५ फुटांवर निवांत वाहत असतानाही पाणीपातळीचा संदेश आल्याचा फोनचा नुसता आवाज झाला, की छातीत धडधड सुरू होई, तळहात ओले होत आणि पाय जागीच खिळत. डोक्याला १५ हा आकडा दिसत असे. अंग मात्र ४५ असल्यासारखे वागत असे. त्यासाठी मी मिरजेत जे उपचार घेतले त्यांचा हा वृत्तांत आहे, आणि ते ज्या मेंदूविज्ञानावर उभे आहेत त्यातले मला जेवढे समजले आणि नंतर वाचून पडताळता आले, तेवढे त्यात घातले आहे.

पुराची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण सांगलीकरांना ती नवी नाही. २०१९ मध्ये पेठेतल्या बहुतेकांनी माल २००५ च्या पाण्याच्या खुणेवर उचलून ठेवला, आणि पाणी ती खूण ओलांडून गेले. तूरडाळ, साखर, पोहे, सगळे पाण्याखाली गेले. घरी मी आणि आई वरच्या मजल्यावर अडकलो. वीज नव्हती, खालच्या खोल्यांत भांडी एकमेकांवर आपटत असल्याचा आवाज रात्रभर येत होता, आणि अखेर गॅलरीला लागलेल्या यांत्रिक बोटीत आईला उचलून द्यावे लागले. त्या दिवसांत मी घाबरलो होतो असे मला आठवत नाही. साफसफाई, पंचनामे, व्यापाऱ्यांची देणी यांत दिवाळी आली. झोप उडायला लागली ती त्यानंतर, आणि २०२१ मध्ये पाणी पुन्हा दारात आले तेव्हापासून ती कायमचीच उडाली. हळूहळू मी घाटाकडचे रस्ते टाळू लागलो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रात्री उठून कोयना धरणाचा विसर्ग किती क्युसेक आहे ते पाहणे, गाडी नेहमी चढाच्या दिशेने तोंड करून लावणे, उशाशी विजेरी ठेवणे हे नित्याचे झाले. ओळखीच्या एका डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलामची गोळी खिशात असल्याशिवाय मी दुकानात जात नसे.

मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांनी निदान केले ते आघातोत्तर तणाव विकाराचे. त्यांनी सर्ट्रालिन हे नैराश्य व चिंतेवरचे औषध सुरू केले आणि पुढचे काम त्यांच्याकडच्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे सोपवले. मॅडम मूळच्या इस्लामपूरच्या, त्यामुळे पूर म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात वेळ गेला नाही. पहिल्या भेटींत त्यांनी फक्त विचारले आणि लिहून घेतले: कोणत्या गोष्टीने अंग बिघडते, किती वेळ, त्यानंतर मी काय करतो. या शेवटच्या प्रश्नावर त्या वारंवार येत होत्या. भीती वाटल्यावर माणूस जे करतो त्यानेच ती टिकून राहते, हे त्यांचे सूत्र मला तेव्हा पटले नव्हते.

एका भेटीत मी वाचीव माहितीच्या जोरावर म्हणालो की, माझ्या मेंदूतले भीतीचे केंद्र, ते अमिग्डाला म्हणतात ते, बिघडलेले दिसते. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही त्याला केंद्र म्हणू नका. ते फार तर गजर आहे, आणि तुमचा गजर उत्तम चालतो." मग त्यांनी एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन महिलेची गोष्ट सांगितली. उर्बाख-वीथ या दुर्मीळ आनुवंशिक आजारात तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले. साप हातात घ्यायला ती कचरत नसे आणि बाहेरच्या कोणत्याही धोक्याची तिला भीती वाटत नसे. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला, तेव्हा तिला भीतीचा जबरदस्त झटका आला. म्हणजे भीतीचा अनुभव अमिग्डालाशिवायही येऊ शकतो. मेंदूवैज्ञानिक जोसेफ लेडू यांचे नाव या विषयाशी सर्वांत जास्त जोडले गेले आहे, आणि धोका ओळखून शरीराला बचावासाठी उभी करणारी यंत्रणा वेगळी व "मी घाबरलो आहे" ही जाणीव वेगळी, असे तेच पुढे आग्रहाने सांगू लागले. उंदरांवरच्या प्रयोगांतून त्यांनी हेही दाखवले होते की, आवाजाचा संकेत थॅलॅमस या, इंद्रियांचे निरोप पुढे पाठवणाऱ्या भागातून थेट अमिग्डालाकडे जाण्याची एक आखूड वाट असते. मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे बाह्यकात, त्याचा नीट उलगडा होण्याची तिथे वाट पाहिली जात नाही. फोन वाजल्यावर संदेश वाचण्याआधीच माझे हात ओले का होत, याचे उत्तर निदान अंशतः तरी इथे होते. अमिग्डालाच्या मध्य भागातून निघणारा एक निरोप हायपोथॅलॅमसकडे जाऊन हृदयाची गती आणि संप्रेरके वाढवतो, तर दुसरा मध्यमेंदूतल्या करड्या भागाकडे जातो आणि जनावर जागच्या जागी थिजते. पाय खिळण्याला मी भित्रेपणा म्हणत होतो. उंदीर, मांजर, माणूस यांना ती सोय समान मिळालेली आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटलेली हकिकत १९२४ ची, लेनिनग्राडची आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नेवा नदीला मोठा पूर आला आणि कुत्र्यांना घंटीनंतर अन्न देऊन नुसत्या घंटीवरही लाळ गाळायला शिकवणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत अडकले. पाणी वर चढत होते, आणि पिंजऱ्यांची दारे खालच्या बाजूला असल्यामुळे कुत्र्यांना बाहेर काढण्यासाठी त्यांची डोकी आधी पाण्याखाली न्यावी लागली; मग त्यांना पोहवत सुरक्षित जागी नेण्यात आले. पूर ओसरल्यावर काही कुत्र्यांचे पूर्वी शिकवलेले प्रतिसाद नाहीसे झाल्याचे लक्षात आले. घंटी वाजली तरी लाळ सुटेना, पुढे ठेवलेले अन्न खाईनात. बरेच दिवस धीराने घेतल्यावर ते प्रतिसाद परत आले. मग पाव्हलॉव्ह यांचे सहकारी स्पेरान्स्की यांनी, सावरलेल्या एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीक धार सोडून पाहिली. कुत्रा अस्वस्थ झाला, धापा टाकू लागला, आणि त्याचे शिकलेले प्रतिसाद पुन्हा कोलमडले. शंभर वर्षांपूर्वीचा तो कुत्रा आणि मोरीचे पाणी तुंबलेले पाहून दुकानाबाहेर येणारा मी, यांच्यात मला काही अंतर दिसेना. मॅडमना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या की, त्यातली महत्त्वाची गोष्ट धारेच्या आकाराची आहे. पूर दाराएवढा होता. धार बोटाएवढी होती. आघातानंतर मेंदू धोक्याच्या जवळपासच्या सगळ्या खुणांना धोकाच मानू लागतो, याला सामान्यीकरण म्हणतात, आणि माझे १५ व ४५ एक होणे हा त्याचाच नमुना होता.

भीती इतक्या उशिराने का आली, हा प्रश्न मला छळत होता. त्यावर डॉक्टरांनी बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाचा उल्लेख केला, आणि मी ते नंतर शोधून वाचले. उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवले, तर हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागातल्या चेतापेशींच्या फांद्या आखडतात. अमिग्डालात मात्र उलटे घडते, तिथल्या फांद्या वाढतात. पुढे उंदरांना २१ दिवस ताणाविना राहू दिले, तेव्हा हिप्पोकॅम्पस सावरला, पण अमिग्डालातली वाढ आणि उंदरांचा भेदरटपणा तसाच राहिला. दुसऱ्या एका प्रयोगात एकदाच दोन तास जखडले. दुसऱ्या दिवशी फारसे काही दिसले नाही, दहा दिवसांनी मात्र अमिग्डालातल्या पेशींवर नवे जोडबिंदू वाढलेले आढळले. उंदराचे दहा दिवस म्हणजे माणसाचे किती, असले गणित मांडण्यात अर्थ नाही, आणि डॉक्टरांनीही ते मांडू दिले नाही. तरी ताण संपल्यावर मेंदू जिथल्या तिथे परत येतो ही माझी समजूत त्या वाचनाने गेली. हिप्पोकॅम्पसचे एक काम हे ठिकाण कोणते, ही वेळ कोणती याची नोंद ठेवणे हे आहे. तो भाग दुबळा आणि गजर तेज, अशा अवस्थेत मे महिन्यातल्या कोरड्या घाटावरही अंगाला ऑगस्टच भासावा, हे समजण्यासारखे होते.

उपचाराचे तत्त्व मात्र पाव्हलॉव्ह यांच्याइतकेच जुने आहे. घंटीमागून अन्न येणे बंद केले की लाळ सुटणे हळूहळू थांबते, याला विलोपन म्हणतात. तसेच ज्या खुणेला मेंदू धोका समजतो ती पुन्हा पुन्हा समोर आणायची, तिच्यामागून धोका येत नाही हे प्रत्यक्ष पाहू द्यायचे. विलोपनाने जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी दुसरी, "ही खूण आहे आणि काही होत नाही" अशी शिकवण तयार होते. मिलाद आणि क्वर्क यांनी २००२ मध्ये उंदरांत दाखवले की, हे दुसरे शिक्षण आठवताना कपाळामागच्या प्रीफ्रंटल बाह्यकाचा एक विशिष्ट भाग सक्रिय होतो, आणि तो कृत्रिमरीत्या उत्तेजित केला तर उंदराचे थिजणे कमी होते. दोन शिकवणी शेजारी शेजारी राहतात आणि प्रसंगानुसार एक वर येते, हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे सगळे काम समजते.

पहिली गदा आली ती खिशातल्या गोळीवर. अल्प्राझोलाम घेऊन घाटावर उभे राहिलो, तर "गोळी होती म्हणून वाचलो" एवढेच मेंदू शिकेल, आणि अशा गोळ्यांच्या अमलाखाली विलोपन नीट रुजत नाही असेही दिसून आले आहे, असे डॉक्टर म्हणाले. ती गोळी त्यांनी आठवड्या-आठवड्याने कमी करत बंद केली. ती अचानक सोडणे धोक्याचे असते, म्हणून हे काम आपल्या मनाने करण्याचे नाही. विजेरी, गाडीचे तोंड, रात्री विसर्ग पाहणे यांना मॅडम सुरक्षिततेचे सोपस्कार म्हणत, आणि त्यांतला एकेक काढून टाकण्याची तारीख ठरवून देत. माझी पत्नी या बाबतीत त्यांच्यापेक्षा कडक निघाली. "अहो, ती विजेरी मी बहिणीकडे देऊन टाकलीय," असे तिने एका सकाळी चहा देताना सांगितले.

मग यादी झाली. ज्या ज्या गोष्टी मी टाळत होतो त्यांच्यापुढे शून्यापासून शंभरापर्यंत अस्वस्थतेचा आकडा घालायचा, जी पद्धत मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्यापासून चालत आली आहे. पावसाची ध्वनिफीत ऐकणे २५, आयर्विन पुलावरून चालत जाणे ४०, माई घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसणे ७०, दुकानाच्या तळघरात शटर ओढून एकटे थांबणे ८५, यांत्रिक बोट १००. प्रत्येक वेळी आधी वहीत लिहायचे की माझ्या मते काय होईल, आणि नंतर लिहायचे की काय झाले. व्यापाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष हे दोन रकाने मी आयुष्यभर भरत आलो आहे. अस्वस्थता कमी होईपर्यंत थांबणे हा पूर्वी या उपचाराचा कणा मानत. मिशेल क्रास्के यांच्यासारख्या संशोधकांच्या कामानंतर भर बदलला आहे: अंदाज किती सपशेल चुकला, यावर नवे शिक्षण अवलंबून असते. म्हणून मॅडम मला "बरे वाटले का" असे विचारीत नसत. "तुमचा अंदाज काय होता आणि झाले काय," एवढेच विचारीत.

माई घाटाच्या वहीतल्या पहिल्या नोंदीत अंदाजाच्या रकान्यात मी लिहिले होते: "पाणी वाढेल. मला उठता येणार नाही." फेब्रुवारीची सकाळ होती, नदी खाली गेलेली होती, दोन बायका धुणे धूत होत्या आणि एक पोरगा म्हशीच्या पाठीवर पाणी उडवीत होता. पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडताच माझी नजर समोरच्या पायरीवरच्या शेवाळाच्या रेषेवर खिळली. ती रेष भिजते आहे का, एवढेच मी पाहत होतो. लाट आली की ती भिजे, लाट गेली की कोरडी होई. मॅडम शेजारच्या पायरीवर बसून दर थोड्या वेळाने आकडा विचारीत होत्या. ८०, ८०, ८५, मग बराच वेळ ८०. तो खाली यायला लागला तेव्हा माझे पाय गारठून पांढरे पडले होते. प्रत्यक्षच्या रकान्यात लिहिले: "पाणी वाढले नाही. उठलो. चप्पल सापडायला वेळ लागला."

तळघर अवघड गेले, आणि त्याचे कारण वास होता. ओले बारदान, कुजलेले धान्य आणि नदीचा गाळ यांचा मिळून जो वास पुरानंतर पेठेत महिनोन्‌महिने होता, तो आमच्या तळघराच्या भिंतींनी धरून ठेवला आहे. वासाचे संकेत इतर इंद्रियांसारखे थॅलॅमसमार्गे फिरून येत नाहीत, घ्राणकंदातून ते अमिग्डालाच्या एका भागापर्यंत जवळजवळ थेट पोहोचतात, असे मला सांगितले होते. त्या माहितीचा शटर ओढल्यावर काडीचा उपयोग झाला नाही. मॅडमनी मग एक भिजवलेले बारदान डब्यात घालून घरी न्यायला लावले आणि रोज तो डबा उघडून बसायला सांगितले. घरात त्यावरून जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही.

याच काळात मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीचे दुसरे काम चालू होते. डोळे मिटून त्या रात्रीची हकिकत वर्तमानकाळात, पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने सांगायची, ती फोनवर ध्वनिमुद्रित करायची आणि घरी रोज ऐकायची. सुरुवातीला माझ्या सांगण्यात भांडी आपटत होती, बोट आली होती, आईचे पाय हातात होते, पण यांतले आधी काय आणि नंतर काय याचा पत्ता नव्हता. पुन्हा पुन्हा सांगितल्यावर त्याला क्रम आला. मधला एक तपशील, आईने बोटीत बसताना देवघरातला गणपती पदरात बांधून घेतला होता हा, मला कित्येक वर्षांत आठवला नव्हता.

ठिकाणे बदलण्याचा मॅडमचा आग्रह मला आधी चोखंदळपणा वाटला होता. माई घाट जमला, तर विष्णू घाट. सकाळी जमले, तर अंधार पडताना. सांगलीत जमले, तर हरिपूरला वारणेच्या संगमावर. त्या सोबत असताना जमले, तर त्यांच्याविना. याचेही कारण प्रयोगांत आहे. मार्क बाउटन यांनी दाखवून दिले की, विलोपन ज्या ठिकाणी शिकले त्या ठिकाणाशी बांधलेले राहते आणि ठिकाण बदलले की जुनी भीती वर येते. भीती कुठेही चालते, धीर मात्र पत्ता विचारतो, असे मॅडम म्हणत. हरिपूरला पहिल्या दिवशी माझा आकडा माई घाटाच्या सुरुवातीच्या आकड्याएवढा परत चढला, तेव्हा हे पटले.

मधल्या काळात काही झाले नाही तरी विलोपन झालेला प्रतिसाद आपोआप परततो, हेही पाव्हलॉव्ह यांनी नोंदवून ठेवले आहे, आणि मॅडमनी त्याची सूचना मार्चमध्येच दिली होती. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ते घडले. दुकानात फोन वाजला, पाय खिळले, आणि मी गल्ल्यावरून उठून पोती वर घ्यायचा हुकूम देऊन बसलो. आमचा जुना हमाल दाराशी गेला, बाहेर पाहून आला आणि म्हणाला, "मालक, पायरीला सुदिक पानी न्हाई अजून." मी वही काढली. अंदाज: "संध्याकाळपर्यंत पाणी पेठेत." संध्याकाळी पातळी वीस फुटांच्याही आत होती. नंतरच्या पावसात तोच आवाज पुन्हा आला, पुन्हा धडधड झाली, पण आकडा पहिल्याइतका चढला नाही आणि लवकर उतरला.

जुनी स्मृती मुळातूनच काढता येणार नाही का, असे मी डॉक्टरांना विचारले होते, कारण करीम नादर, शेफ आणि लेडू यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाविषयी वाचले होते. आठवण जागी केल्यावर ती काही काळ अस्थिर होते, आणि त्या वेळी अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखली, तर उंदराची भीती टिकत नाही असे त्यांना आढळले. डॉक्टरांचे म्हणणे असे पडले की, माणसांत हे भरवशाने करण्याची पद्धत अजून हाताशी नाही, आणि माझ्या बाबतीत ती असती तरी त्यांनी वापरली नसती. उघड्या मैदानावर सापाला न भिणारी एस. एम. आणि पूररेषेच्या आत राहून पाण्याला न भिणारा व्यापारी, दोघांचीही काळजी वाटावी. २०१९ चा पूर माझ्या मेंदूने रचलेला नव्हता. विमानाला किंवा झुरळाला भिणाऱ्या माणसाच्या उपचारात आणि माझ्या उपचारात हा मोठा फरक होता, आणि पुस्तकांत त्यावर मला फार थोडे लिहिलेले सापडले. मॅडमनी यावर जो तोडगा काढला तो मला अजून दाद देण्यासारखा वाटतो. ३५ फुटांना तळघर रिकामे करायचे, ४० फुटांना आईला विश्रामबागेत मावशीकडे न्यायचे, असा लेखी करार त्यांनी माझ्याकडून करून घेतला. त्या आकड्यांखाली अंग काहीही म्हणो, पोते हलवायचे नाही, आणि त्यांच्यावर पाणी गेले की अंग शांत असले तरी हलवायचे. पातळी दिवसातून दोनदाच पाहायची. भीतीला निर्णयातून बाजूला केल्यावर ती नुसती सोबत बसून राहिली तरी चालते, हे मला त्या कराराने दाखवले.

झोप आता बहुतेक रात्री लागते. सर्ट्रालिनची मात्रा डॉक्टरांनी निम्म्यावर आणली आहे. यादीतले शंभराचे काम, यांत्रिक बोट, अजून बाकी आहे. सांगलीत एरवी अशा बोटी नसतात, म्हणून दिवाळीनंतर तापोळ्याला जाऊन शिवसागर जलाशयात फेरी घ्यायची असे ठरले आहे. ते कोयनेचेच पाणी, याकडे मी मॅडमचे लक्ष वेधले. त्यांनी अंदाजाच्या रकान्यात तेही लिहून ठेवायला सांगितले आहे.